युद्ध दोघांनाही महाग पडतं, मग तह आधीच का होत नाही? (फिनलंड, १९३९)

#१ सीमांकन (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर "राज्यकर्त्यांचं डोकं फिरतं म्हणून युद्धं होतात" असं कोणीतरी लिहिलं होतं. फिरतंही. पण बहुतेक युद्धांच्या शेवटी कुणी ना कुणी टेबलाशी बसून सही करतंच. मग तीच सही माणसं मरायच्या आधी का होत नाही, हा खरा पेच आहे.

आधी हिशेब मांडतो. १०० गुंठ्यांचा वाद आहे. दांडग्या बाजूची जिंकण्याची शक्यता ७०%. लढाईचा खर्च प्रत्येकी १० गुंठ्यांच्या किमतीएवढा. लढून दांडग्याच्या पदरात सरासरी ७० वजा १०, म्हणजे ६० पडतात. दुबळ्याच्या पदरात ३० वजा १०, म्हणजे २०. तेव्हा दांडग्याला ६० ते ८० च्या मधलं काहीही दिलं तरी दोघंही लढण्यापेक्षा फायद्यात राहतात. ही २० गुंठ्यांची फट दोघांच्या खर्चातूनच तयार होते. युद्ध जितकं महाग तितकी फट रुंद. त्यामुळे "युद्ध परवडत नाही हो" हे सांगून काही साधत नाही, ते दोघांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. फट बुजते कशी, ते बघायचं.

पहिली वाट अंदाजातल्या फरकाची. दांडग्याला वाटतं आपली जिंकण्याची शक्यता ९०%, म्हणून तो ८० च्या खाली उतरत नाही. दुबळ्याला वाटतं आपली निम्मी संधी आहे, म्हणून तो ६० च्या वर देत नाही. झालं, सौदा फिसकटला. मग एकमेकांना खरी ताकद दाखवून का टाकत नाहीत? कारण बढाई मारण्यात फायदा असतो हे दोघांना माहीत असतं, म्हणून बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि पुरावा म्हणून खरी तयारी उघड केली तर समोरचा तिच्यावर तोड काढतो.

दुसरी वाट शब्दाच्या भरवशाची, आणि माझ्या मते हीच जास्त घातक. वादातल्या जमिनीत विहीर असेल तर? आज ६५ गुंठे दिले, त्यात विहीर गेली, आणि उद्या दांडग्याची शक्यता ७० वरून ९० वर गेली. नवा हिशेब करा: उद्या तो किमान ८० मागणार, तुमच्याकडे शून्य ते २० उरणार, तेही त्याच्या मर्जीवर. आज लढून सरासरी २० मिळतातच. मग आज का देऊ? "उद्या पुन्हा मागणार नाही" असं तो अगदी मनापासून म्हणाला तरी त्याला त्या शब्दाला बांधून ठेवणारं कोर्ट देशांच्या डोक्यावर नसतं.

वाटताच न येणारी गोष्ट, म्हणजे गादी किंवा पवित्र जागा, ही तिसरी वाट सांगतात. मला ती कच्ची वाटते. भाडं, पाळी, मोबदला अशा युक्त्यांनी बरंच काही वाटता येतं.

आता फिनलंड. ५ ऑक्टोबर १९३९ ला सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हने फिनलंडला बोलणीसाठी बोलावलं. फिनलंडतर्फे मुत्सद्दी पासिकिवी गेले, दुसऱ्या फेरीपासून सोबत अर्थमंत्री टॅनर. क्रेमलिनमध्ये समोर स्टालिन स्वतः. सोव्हिएत मागणी अशी: लेनिनग्राडपासून सीमा ३२ किलोमीटरवर आहे ती मागे सरकवा, फिनलंडच्या आखातातली बेटं द्या, हांको बंदर ३० वर्षांच्या भाड्याने द्या आणि तिथे ५,००० सैनिक राहू द्या, उत्तरेकडच्या रिबाची द्वीपकल्पातला हिस्सा द्या. एकूण २,७६१ चौरस किलोमीटर. बदल्यात सोव्हिएत कारेलियातली रेपोला आणि पोरायार्वीकडची ५,५२९ चौरस किलोमीटर घ्या. क्षेत्रफळ दुप्पट! कागदावर सौदा उदारच दिसतो.

पण त्याच यादीत एक कलम होतं: कारेलियाच्या संयोगभूमीवरची दोन्ही बाजूंची तटबंदी पाडायची. ही ती विहीर. लाडोगा सरोवर आणि समुद्र यांच्यातल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यावरच ३७ लाख वस्तीचा देश आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फौजेला थोपवू शकत होता. बदल्यात मिळणारी दुप्पट जमीन जंगल-दलदलीची, तिथून कसलंच संरक्षण होत नव्हतं.

चेकोस्लोव्हाकियाचं उदाहरण तर ताजंच होतं. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकच्या करारात सुडेटनलंड हा सीमाभाग जर्मनीकडे गेला, त्यासोबत डोंगरातली सगळी तटबंदी गेली, आणि १५ मार्च १९३९ ला जर्मन फौज प्रागमध्ये. मध्ये साडेपाच महिने.

बोलणी नोव्हेंबरमध्ये फिसकटली. २६ तारखेला माइनिला या सोव्हिएत गावावर फिनलंडचे तोफगोळे पडल्याचा बनाव झाला, ३० नोव्हेंबरला हल्ला.

#२ पाणवठा

वाचतोय. विहिरीचा दाखला लगेच पटला. बांधाचे निम्मे दावे खरं तर विहिरीचेच असतात.

#३ बारा_बलुते

मांडणी झकास आहे, पण तुम्ही फिनलंडच्या सरकारला फारच शहाणं ठरवताय. त्यांच्याच बाजूचे दोन जाणते, पासिकिवी आणि मॅनरहाइम, काहीतरी द्या असं सांगत होते. मॅनरहाइम तर संरक्षण मंडळाचा अध्यक्ष. सैन्याला दारूगोळा पुरणार नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? परराष्ट्रमंत्री एर्को मात्र रशियन नुसती हूल देताहेत असं धरून बसला होता. ही तुमची दुसरी वाट नव्हे, सरळ पहिली आहे. अंदाज चुकला, संपला विषय.

शिवाय स्टालिन घासाघीस करत होता. हांकोतल्या सैनिकांचा आकडा ५,००० वरून ४,००० वर आणला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर त्याने मुख्य भूमीवरचं हांको सोडून शेजारच्या छोट्या बेटांवर बोट ठेवलं: ही तरी तुम्हाला लागतात का? शिष्टमंडळाने हेलसिंकीला तार केली, तिकडून उत्तर आलं: 'देऊ नका'. ज्याला अख्खा देशच गिळायचाय तो तीन खडकांसाठी इतकी घासाघीस कशाला करेल?

#४ सीमांकन

बलुतेसाहेब, एर्कोबद्दल सहमत. शेवटच्या प्रस्तावाला नकार द्यायला नको होता असं मलाही वाटतं. पण दोन गोष्टी.

एक, ३१ ऑक्टोबरला मोलोटोव्हने सुप्रीम सोव्हिएतसमोरच्या भाषणात सगळ्या मागण्या जाहीर करून टाकल्या. शिष्टमंडळ तिसऱ्या फेरीसाठी नुकतंच निघालं होतं. बंद खोलीत दोन्हीकडून पाऊल मागे घेता येतं. चव्हाट्यावर मागणी मांडली की मागणाऱ्याला उतरता येत नाही आणि देणाऱ्याला वाकता येत नाही. हे मुद्दाम करतात, 'बघा, आता मला मागे फिरणं जड जाईल' हे दाखवायला. धमकी खरी वाटावी म्हणून स्वतःचे हात बांधून घ्यायचे. दोघांनीही ते केलं की झालीच पंचाईत. फिनलंडनेही ऑक्टोबरमध्येच 'जादा सराव' या नावाखाली राखीव सैनिक बोलावले होते. शेतीची माणसं, घोडे, गाड्या सगळं सीमेवर. खर्च करून दाखवलेला इशारा शब्दांपेक्षा जास्त पटतो, हे बरोबर. पण मॉस्कोने तो वाचलाच नाही.

दोन, घासाघीस करतोय म्हणजे नंतर थांबेल असं कुठे आहे? शेजारी काय झालं बघा. एस्टोनियाने २८ सप्टेंबरला सही केली, लाटव्हियाने ५ ऑक्टोबरला, लिथुआनियाने १० ऑक्टोबरला. तळ दिले, सैन्य आत घेतलं. करारात सार्वभौमत्वाला धक्का लावणार नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ऑगस्ट १९४० पर्यंत तिन्ही देश सोव्हिएत संघात विलीन. एस्टोनियात तर करारानेच २५,००० सोव्हिएत सैनिक येऊन बसले होते. जून १९४० चा अंतिम इशारा आला तेव्हा लढायची संधीच उरली नव्हती. विहीर आधीच गेलेली.

स्टालिनचा खरा हेतू काय होता, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण फिनलंडच्या निर्णयासाठी त्याची गरजच नाही. त्याचा हेतू आज मर्यादित असला तरी उद्या तो वाढवायला त्याला अडवणारं काही नव्हतं, एवढंच पुरतं.

#५ मोडीपंत

फिनलंडमध्ये रमलात, पण हाच पेच आपल्या घरचा आहे. पानिपत.

१७६० च्या शेवटी दोन्ही छावण्या समोरासमोर असताना तहाची बोलणी चालू होती. मध्यस्थ शुजाउद्दौला. त्याच्या पदरचा काशीराज पंडित हे जवळून पाहत होता. अब्दालीचा वजीर शाहवलीखानही तहाकडे झुकलेला. खंडणी घेऊन अब्दालीने घरी जावं, इतपत तोडगा दृष्टिपथात होता, कारण अब्दालीला दिल्लीत राहायचंच नव्हतं. मग अडलं कुठे?

नजीबखानापाशी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही तह करून कंदाहारला जाल, आम्ही रोहिले इथेच राहणार, आणि तुमची पाठ वळली की मराठे आमच्यावर उलटतील. सीमांकनरावांची दुसरी वाट अक्षरशः हीच. भाऊसाहेबांनी कितीही शपथा घेतल्या असत्या तरी अब्दाली गेल्यावर त्या पाळायला लावणारं कोणी नव्हतं. तहात तिसरा भिडू असला आणि तह झाल्यावर तो उघड्यावर पडणार असला, तर तो सौदा मोडायला जीव तोडून धडपडतो. नजीबाला नुसता 'कपटी' म्हणून सोडून देणं ही आपल्याकडची जुनी खोड. तो कपटी होताच. पण त्याचा हिशेब बिनचूक होता: १७७१ मध्ये मराठे दिल्लीत परत आले आणि १७७२ मध्ये त्यांनी नजीबाचा पत्थरगड किल्ला लुटला. नजीब तोवर वारला होता, भोगलं त्याच्या मुलाने, झाबेताखानाने.

दुसरी गोष्ट घड्याळाची. ऑक्टोबरात भाऊंनी कुंजपुरा घेतला, पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आपल्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. रसद तुटली. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, मग गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दोआबातून येणारा उरलासुरला दाणागोटा थांबला. छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी तोंडं जास्त. रोज घोडे मरताहेत, म्हणजे ७० ची शक्यता रोज एकेक टक्क्याने घसरतेय. अशा वेळी समोरचा घाईने तह का करेल? तो नुसता बसून राहिला तरी भाव त्याच्या बाजूने सरकतोय. आणि घसरणाऱ्या बाजूला वाटतं, लढायचं तर आजच, उद्या तेवढंही बळ उरणार नाही. १४ जानेवारी १७६१ ची सकाळ अशी उगवली. त्या दिवशी बाहेर पडणं अविचार नव्हता. अविचार झाला असेल तर तो यमुनेचे उतार मोकळे सोडण्यात.

#६ खट्याळ_काळू

मोडीपंत आले, आता शंभरी नक्की. फक्त धाग्याचं काश्मीर करू नका म्हणजे मिळवली.

#७ उंचावरून

काळूभाऊ, माफ करा, काश्मीरच आणतोय. पण राजकारण नाही, नुसता यांत्रिक भाग.

सियाचीन. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत, भारतीय फौज हिमनदीच्या पश्चिमेच्या साल्तोरो कड्यावर चढली, सिया ला आणि बिलाफोंड ला या खिंडी ताब्यात आल्या. तिथे गोळीपेक्षा थंडी, हिमस्खलन आणि विरळ हवा यांनी जास्त माणसं मारली. एप्रिल २०१२ मध्ये गयारीला एकाच हिमस्खलनात १४० पाकिस्तानी गाडले गेले. नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाली. दोघांनाही महाग. जून १९८९ मध्ये सैन्य मागे घ्यायच्या तत्त्वावर संयुक्त निवेदनही निघालं होतं. मग घोडं कुठे पेंड खातं?

क्रमात. भारताचं म्हणणं: आधी आज कोण कुठे उभा आहे ते नकाशावर आखून दोघांनी सही करा, मग खाली उतरू. पाकिस्तानचं म्हणणं: आधी उतरा, नकाशावर सही म्हणजे तुमच्या १९८४ च्या चालीला मान्यता. बाहेरून हा कारकुनी वाद वाटतो. पण कडा हीच विहीर आहे. वर बसलेल्याला खालून हुसकावणं जवळजवळ अशक्य. एकदा उतरलात आणि समोरचा आधी चढला, तर परत मिळत नाही. सहीचा नकाशा असला तर निदान लबाडी जगाला दाखवता येते. नकाशा नाही तर लबाडी झाली हेच सिद्ध होत नाही. १९९९ मध्ये कारगिलला हिवाळ्यात रिकाम्या केलेल्या चौक्यांचं काय झालं ते सगळ्यांसमोर आहे. त्यानंतर दिल्लीत बिनसहीच्या माघारीचं नाव कोण काढेल?

अशा ठिकाणी तह करायचा तर तुकड्यांत करावा लागतो. एका वेळी एवढंच सोडायचं, की समोरच्याने फसवलं तरी आपण लढायच्या स्थितीत राहू. साल्तोरोवर तुकडे पडत नाहीत. खिंड एकतर तुमच्याकडे, नाहीतर त्याच्याकडे.

#८ पाणवठा

शंका. शब्दाचा भरवसा नाही म्हणून युद्ध झालं असेल, तर ते युद्ध मार्च १९४० मध्ये थांबलं कसं? भरवसा तर अजूनही नव्हता. उलट हांको आणि आख्खी संयोगभूमी गेली म्हणजे विहीरही गेलीच की.

#९ सीमांकन

पाणवठा, धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न. उत्तरासाठी मॉस्कोच्या बाजूने बघू.

१ डिसेंबरला स्टालिनने सीमेजवळच्या तेरियोकी गावात कूसिनेन या मॉस्कोवासी फिनिश कम्युनिस्टाचं 'फिनिश जनता सरकार' उभं केलं आणि २ तारखेला त्याच्याशी करारही केला: ३,९७० चौरस किलोमीटरच्या बदल्यात सोव्हिएत कारेलियातली ७०,००० चौरस किलोमीटर. स्वतःच उभ्या केलेल्या सरकारला माणूस असाच सढळ हाताने देतो. हेलसिंकीत नवे पंतप्रधान र्‍युती बोलायला तयार होते, पण मोलोटोव्हचं उत्तर ठरलेलं: खरं सरकार तेरियोकीत आहे, त्याच्याशी आमचं भांडणच नाही. म्हणजे त्या घडीला तहाची फटच नव्हती. ताकदीचा अंदाजही तसाच होता. सेनाप्रमुख शापोश्निकोव्हची सावध योजना बाजूला सारून काही आठवड्यांत मोहीम उरकायची असं ठरलं होतं.

मग डिसेंबर-जानेवारीतल्या सुओमुस्सालमी आणि राटे रस्ता इथल्या लढाया. एकाच जंगलरस्त्यावर लांबलचक ताणलेल्या सोव्हिएत डिव्हिजनांचे फिनिश स्कीवाल्यांनी तुकडे पाडले, रसद आणि शेकोट्या आधी हेरून. बोलण्याने जे पटलं नव्हतं ते तिथे पटलं. २९ जानेवारी १९४० ला स्टॉकहोममार्गे निरोप आला की र्‍युती-टॅनर सरकारशी करार करायला तत्त्वतः हरकत नाही. कूसिनेन एका ओळीत बाद. इंग्रज-फ्रेंच फौज मदतीला येईल ही टांगती तलवारही होती. इकडे ११ फेब्रुवारीला सुम्मापाशी मॅनरहाइम रेषा, म्हणजे संयोगभूमीवरची फिनिश तटबंदी, फुटली, फिनलंडकडे माणसं आणि तोफगोळे संपत आले. १०५ दिवसांत दोघांचे अंदाज एकमेकांजवळ आले. लढाई हा माहिती मिळवायचा सर्वात महाग मार्ग आहे, पण तिथे बढाई चालत नाही.

किंमत: १२ मार्चला सही. सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटर गेली, व्हीपुरी शहरासकट, म्हणजे मूळ मागणीच्या बारापटीहून जास्त, बदल्यात काही नाही. चार लाखांवर माणसं घरदार सोडून आली. फिनलंडचे सुमारे २६ हजार मेले. मोलोटोव्हने आपले मृत ४८,७४५ सांगितले. पुढे रशियन मोजणीत ते १,२६,८७५ निघाले.

आता विहीर. ती गेली, हे खरं. पण आता पुढची मागणी केली तर काय पडेल, हे स्टालिनला कळलं होतं. उद्याच्या लढाईतला त्याच्या खर्चाचा आकडा १० वरून वर गेला. विहिरीची जागा थोडीफार त्या आकड्याने घेतली. पूर्ण नाही, म्हणून तर जून १९४१ मध्ये फिनलंड पुन्हा युद्धात उतरलं.

#१० बारा_बलुते

म्हणजे शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात: माहिती!

आणि शब्द पाळण्याबद्दल एक विरुद्ध पुरावा. सप्टेंबर १९४४ च्या शस्त्रसंधीत पोर्क्काला हा भाग ५० वर्षांच्या भाड्याने सोव्हिएत नौदलाला गेला. हेलसिंकीपासून तीसेक किलोमीटर, तोफा राजधानीवर रोखता येतील इतका जवळ. त्यातून जाणाऱ्या फिनिश रेल्वेगाड्यांच्या खिडक्यांवर बाहेरून फळ्या लावत, प्रवाशांनी तळ पाहू नये म्हणून. तुमच्या गणिताने तिथून पुढची मागणी यायलाच हवी होती. उलट १९५६ च्या जानेवारीत तळ परत केला, मुदतीच्या ३८ वर्षं आधी.

#११ सीमांकन

माहिती हवीच, पण कशाची? तुम्ही म्हणता फिनलंड जिंकू शकेल का याची. मी म्हणतो, गिळायला किती महाग आहे याची. पोर्क्कालाचं उत्तर त्यातच आहे. एस्टोनियाला तळ परत मिळाले नाहीत, फिनलंडला मिळाले. स्टालिन गेला होता, लांब पल्ल्याच्या शस्त्रांमुळे तो तळ जुनाट झाला होता, ही कारणं आहेतच. पण ती लागू व्हायला तळाबाहेर एक देश शिल्लक असावा लागतो.

#१२ मोडीपंत

बारीकशी भर. मार्च १९४० च्या तहात हांकोचं वार्षिक भाडं ८० लाख फिनिश मार्क लिहिलंय. रणांगणावर हरवलेल्याकडून घेतलेल्या जागेचं भाडं कशाला, असं वाटेल. पण भाडं भरलं की मालक कोण ते कागदावर राहतं. उंचावरून, तुमच्या साल्तोरोच्या सहीचा झगडा हाच ना?

#१३ उंचावरून

हाच. फक्त तिथे भाडेकरू कोण, यावरच एकमत नाही.